३६ ची फोर्कलिफ्ट ४८ व्होल्टवर न्यायची असेल तर

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच, की आमच्याकडं ४८ व्होल्टची बरी बॅटरी पडून आहे, जिच्यात होती ती गाडी भंगारात गेली, आणि इकडं एक ३६ व्होल्टची इम्पोर्टेड सेकंडहँड फोर्कलिफ्ट बॅटरी मेली म्हणून शेडच्या कोपऱ्यात उभी आहे, तर ही बॅटरी तिला लावली तर चालेल का. चालेल. चावी फिरवल्यावर गाडी हलेल, पळेल पण झकास, आणि मग दुपारच्या चहापर्यंत कुठल्यातरी कॉइलचा जळका वास येईल नाहीतर कंट्रोलर (मोटरला वीज मोजून देणारा डबा) फाट्कन जाईल, आणि बॅटरीपेक्षा महाग खर्च अंगावर पडेल.

म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो. मी इथं दीड-दोन टनाची, बसून चालवायची, काउंटरवेटवाली (मागं तोलासाठी वजन असलेली), जुन्या डीसी सिरीज मोटरची गाडी धरून चाललोय, म्हणजे एक ट्रॅक्शन मोटर (चाकं फिरवणारी), एक हायड्रॉलिक पंपाची आणि एक छोटी पॉवर स्टीअरिंगची. एसी मोटरवाल्यांसाठी मध्ये वेगळं लिहिलंय, त्यांनी ते आधी वाचा म्हणजे बाकीचं वाचायचं कष्ट कदाचित वाचतील.

आधी खरंच गरज आहे का ते बघा

लेड ॲसिडचा एक सेल दोन व्होल्टचा. ३६ म्हणजे १८ सेल, ४८ म्हणजे २४, ८० म्हणजे ४०. ट्रॅक्शन बॅटरी बनवणारे सुटे सेलच ट्रेमध्ये बसवून देतात, त्यामुळं "३६ ची बॅटरी आता मिळत नाही" हे जे कोण सांगतं ते अर्धवट आहे. तयार स्टॉकमध्ये नसेल, पण १८ सेलची ऑर्डर दिली की बनवून मिळते, आणि तुमच्या जुन्या ट्रेच्या मापातच मिळते. पुष्कळदा एवढ्यावरच विषय संपतो आणि संपलेला बरा.

बदल करण्याला अर्थ कधी आहे, तर बाकीचा सगळा ताफा ४८ चा आहे, चार्जर सगळे ४८ चे आहेत, आणि ही एकटीच ३६ ची आहे जिच्यासाठी वेगळा चार्जर, वेगळा कनेक्टर, वेगळी स्पेअर बॅटरी सांभाळावी लागतेय. किंवा कंट्रोलर तसाही गेलेला आहे आणि नवीन बसवायचाच आहे, मग त्यासोबत हे काम होऊन जातं. पिकअप वाढावा म्हणून करत असाल तर थांबा. डीसी मोटरचा टॉर्क येतो करंटवरून आणि स्पीड येतो व्होल्टेजवरून, कंट्रोलरची करंट लिमिट तीच ठेवली तर रॅम्पवर गाडी जेवढी ओढत होती तेवढीच ओढणार, फक्त सपाटीवर जास्त पळणार. उचलायची ताकद पण वाढत नाही, कारण ती हायड्रॉलिकच्या रिलीफ व्हॉल्व्हच्या (प्रेशर हद्दीपुढं गेलं की तेल सोडून देणाऱ्या) सेटिंगवर आणि गाडीच्या तोलावर आहे, व्होल्टवर नाही. (रिलीफ व्हॉल्व्ह पिळून प्रेशर वाढवणारे पण असतात, त्यांना दुरून नमस्कार.)

आणि दोन जुगाड आहेत जे मी स्वतः उघडून बघितलेत. एक म्हणजे ३६ च्या बॅटरीला सिरीजमध्ये ट्रकची १२ व्होल्टची बॅटरी जोडून ४८ करणं. करंट तर सगळ्यातून तोच वाहतो ना, मोठी बॅटरी ७५० अँपिअर अवरची आणि ही दीडशेची, त्यामुळं ही तासाभरात रिकामी होते आणि मोठी तिच्यातून करंट ढकलतच राहते, सेल रिव्हर्स होतात (प्लस-मायनस उलटतात), फुगते, आणि ती बसवलेली असते कुठं तर ऑपरेटरच्या सीटखाली. दुसरा जुगाड उलट्या दिशेचा, ४८ च्या बॅटरीत दोन सेल मेले की ते बायपास करून २२ सेलवर गाडी चालवणं. गाडीला काही कळत नाही, पण चार्जर २४ सेल समजून चार्ज करतो आणि उरलेले २२ रोज उकळतात, मग चार-सहा महिन्यांत तिसरा जातो, चौथा जातो. व्होल्टेज हे आपल्याकडं असं नकळत पण बदललं जातं.

काम सुरू करायच्या आधीचं मोजमाप

हे कुणी करत नाही आणि नंतर रडतात. जुनी बॅटरी अजून थोडी धुगधुगी धरून असेल किंवा कुणाची ३६ ची दोन तास मागून आणता येत असेल, तर गाडी आहे तशी चालवून आकडे लिहून घ्या. सपाटीवर ठरावीक अंतराला किती सेकंद, रिकामे फोर्क वरपर्यंत जायला किती, वजनासकट किती, लिफ्ट करताना पंप मोटर किती अँपिअर खाते (डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो, साधा एसीवाला नाही चालत), आणि अर्धा तास कामानंतर तिन्ही मोटरच्या बॉडीचं तापमान इन्फ्रारेड गननं. पुढं ४८ वर गेल्यावर मोटर गरम लागतेय का हे हातानं नाही ठरवता येत, जुन्या आकड्याशी ताडून बघूनच कळतं.

मग एक कागद घ्या आणि गाडीतली प्रत्येक वस्तू जिला बॅटरीचं व्होल्टेज मिळतं ती लिहा. ट्रॅक्शन कंट्रोलर, पंपाचा कंट्रोलर किंवा कॉन्टॅक्टर (कॉइलनं ओढला जाणारा मोठा स्विच), स्टीअरिंग मोटरचा कॉन्टॅक्टर, मेन कॉन्टॅक्टर, फॉरवर्ड-रिव्हर्स कॉन्टॅक्टर, इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर त्याची कॉइल, हायड्रॉलिक सोलेनॉइड, कंट्रोलरचा कूलिंग फॅन, हॉर्न, रिव्हर्स बझर, बीकन, हेडलाइट, अवर मीटर, बॅटरी इंडिकेटर, डीसी-डीसी कन्व्हर्टर. प्रत्येकापुढं त्याच्या लेबलवरचं व्होल्टेज लिहा आणि लेबल गेलं असेल तर प्रश्नचिन्ह टाका. ही यादी पूर्ण झाल्याशिवाय बॅटरीचा विषय काढायचाच नाही, कारण कधीकधी यादी बघूनच माणूस म्हणतो की नको बाबा, १८ सेल मागवा.

काम करताना अंगठी, घड्याळ, कडं, गळ्यातली साखळी सगळं काढून ठेवा. ४८ व्होल्ट अंगाला सहसा शॉक देत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण या बॅटरीवर पाना आडवा पडला तर हजारो अँपिअर जातात, पाना चिकटतो, लाल होतो, आणि आसपास चार्जिंगचा हायड्रोजन असेल तर सेल फुटून ॲसिड तोंडावर. पान्यांना टेप गुंडाळा किंवा इन्सुलेटेड पाने घ्या. बॅटरीचा प्लग काढला तरी कंट्रोलरमधले कपॅसिटर भरलेले राहतात, तर १०० ओहम २५ वॉटचा रेझिस्टर कंट्रोलरच्या प्लस-मायनसवर थोडा वेळ धरून ते रिकामे करा आणि मीटरनं शून्य बघून मगच हात घाला.

कंट्रोलर

लेबल वाचा. कर्टिस, झापी वगैरेंचे बरेच कंट्रोलर ३६ ते ४८ अशा रेंजचे येतात, तुमचा तसा निघाला तर निम्मी लढाई जिंकलात. फक्त ३६ लिहिलेलं असेल तर तो बदलायचाच, इथं वाद नको. एक जण मला पटवत होता की ३६ ची बॅटरी चार्जिंगच्या शेवटी ४७-४८ व्होल्टला जातेच की, मग कंट्रोलरला ४८ ची सवय आहे. हिशोब बरोबर आहे, शेवटी सेलला २.६५ च्या आसपास जातं, १८ नं गुणलं की ४७.७. पण बॅटरी चार्ज होते तेव्हा तिचा प्लग चार्जरला असतो, गाडीला नाही! कंट्रोलरला ते व्होल्टेज कधी दिसतच नाही. आणि ४८ ची फुल चार्ज बॅटरी नुसती ठेवली तरी ५१ च्या आसपास दाखवते, त्यात उतारावर रीजन ब्रेकिंग (ब्रेक लागताना मोटर वीज बनवून बॅटरीकडं परत पाठवते ते) झालं की अजून वर. आतले कपॅसिटर आणि मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) याच्यावर मरतात.

फार जुन्या एससीआर (मॉसफेटच्या आधीच्या जातीचा स्विच) टाइपच्या कंट्रोलरमध्ये हात घालू नका, त्याचं सगळं टायमिंग जुळवलेलं असतं, तो काढून मॉसफेटचा बसवणं शहाणपणाचं. आणि जुन्या गाड्यांमध्ये एक बायपास कॉन्टॅक्टर असतो, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो कंट्रोलरला बाजूला सारून बॅटरी थेट मोटरला जोडतो. तो शोधा आणि बंद करा. नाहीतर कंट्रोलरमध्ये तुम्ही कितीही स्पीड कमी सेट करा, पूर्ण दाबल्यावर मोटरला सरळ ४८ मिळणार.

नवीन कंट्रोलरमध्ये मॅक्सिमम स्पीड ७५ टक्क्यांवर आणायचा. ४८ चे ७५ टक्के म्हणजे ३६, म्हणजे मोटरला सरासरी तेच मिळतं ज्याच्यासाठी ती बनली होती. अजून एक फायदा, मोटर २०० अँपिअर घेत असेल तर ७५ टक्क्यांवर बॅटरीतून दीडशेच जातात, केबल आणि कनेक्टर थंड राहतात. स्पीड वाढू द्या म्हणून ऑपरेटर मागं लागतात, पण ४८ भागिले ३६ म्हणजे १.३३, ताशी १० ची गाडी १३ च्या पुढं जाते, आणि थांबायला लागणारं अंतर स्पीडच्या वर्गानं वाढतं, म्हणजे आधीच्या पावणेदोन पटीहून जास्त होतं. ब्रेक तेच जुने ड्रमचे. गोडाऊनच्या कोपऱ्यावर वळताना वर उचललेला माल असेल तर काय होईल ते मला सांगायची गरज नाही.

पंप मोटर, इथं खरी गोम आहे

ट्रॅक्शनला कंट्रोलर असतो म्हणून तिथं निभावतं. पण बऱ्याच जुन्या गाड्यांत पंप मोटरला कंट्रोलर नसतोच, लिव्हर ओढला की मायक्रोस्विच लागतो, कॉन्टॅक्टर बसतो आणि पूर्ण बॅटरी मोटरला. तिथं ४८ आले की पंप सव्वापटीहून जास्त वेगानं फिरणार, तेलाचा फ्लो त्याच प्रमाणात वाढणार, मास्ट (फोर्क वर नेणारा खांब) सटासट वर जाणार. मालक खूश होतो हे बघून. लोडवर करंट साधारण तेवढाच राहतो कारण करंट प्रेशरवर ठरतो, म्हणून वाइंडिंग लगेच जळत नाही आणि लोकांना वाटतं की सगळं ठीक आहे. गडबड होते ती हलक्या लोडवर. सिरीज मोटरची खोड अशी की लोड कमी झाला की ती सुसाट सुटते, नुसता रिकामा मास्ट टिल्ट करताना ती कुठल्या कुठं जाते, कम्युटेटरवर स्पार्किंग, ब्रश लवकर संपतात, गिअर पंपाला सक्शन पुरत नाही आणि तो ओरडायला लागतो. स्ट्रेनर अर्धा चोंदलेला असेल तर अजूनच. शिवाय चालू होतानाचा पहिला करंटचा झटका तेहतीस टक्के मोठा, जुने कॉन्टॅक्ट त्यात वेल्ड होतात, आणि पंपाचा कॉन्टॅक्टर वेल्ड झाला म्हणजे लिव्हर सोडला तरी पंप चालूच.

यावर सरळ उपाय म्हणजे पंपाला पण वेगळा पंप कंट्रोलर बसवून तिथंही ७५ टक्के करा. खर्च आहे, पण स्टार्टिंग पण सॉफ्ट होतं. ज्यांना खर्च नको त्यांनी मोटर खोलून चांगल्या वाइंडरला दाखवा, मोटरच्या प्लेटवर आरपीएम आणि व्होल्ट काय आहेत, पंपाच्या प्लेटवर मॅक्सिमम आरपीएम किती आहे, हे जुळत असेल तरच पुढं जा.

स्टीअरिंगची मोटर छोटी म्हणून विसरतात, पण ती बिचारी बऱ्याच गाड्यांत सीटवर बसल्यापासून सतत फिरत असते आणि तीही बहुतेक वेळ हलक्या लोडवर. माझ्या हातून एकदा नेमकी हीच राहिली, बाकी सगळं व्यवस्थित केलं, कंट्रोलर नवीन, कॉइल नवीन, आणि तिसऱ्या आठवड्यात ब्रश संपून स्टीअरिंग जड, चालत्या गाडीत. नशीब रिकामी होती. आता मी पहिल्यांदा तिच्याच मागं लागतो, एकतर ४८ ची मोटर शोधायची नाहीतर तिच्या करंटला पुरेल असा ४८ ते ३६ चा कन्व्हर्टर लावायचा, सुरू होतानाचा झटका धरून साइज घ्यायचा.

कॉइल, फ्यूज, हॉर्न

३६ ची कॉइल ४८ वर ठेवली तर वॉट १.७८ पट होतात, थोडा वेळ टिकते आणि जळते. अल्ब्राइटसारख्या कॉन्टॅक्टरना २४, ३६, ४८, ८० अशा वेगवेगळ्या कॉइल येतात, कॉइल बदला, तेच बरं. ताबडतोब मिळत नसेल तर सिरीजमध्ये रेझिस्टर, हिशोब सोपा आहे, कॉइलच्या रेझिस्टन्सचा एक तृतीयांश. कॉइल ६० ओहमची असेल तर २० ओहम, करंट ०.६ अँपिअर, रेझिस्टरवर साधारण ७ वॉट जिरतात, तर निदान १५-२० वॉटचा घ्या आणि पत्र्यावर बसवा, वायरच्या गुंडाळीत लटकवू नका कारण तो चांगलाच तापतो. नवीन कंट्रोलर कॉइलला स्वतःच कापून कापून व्होल्टेज देत असेल तर पुल-इन (ओढायचं) आणि होल्डिंगचं (धरून ठेवायचं) व्होल्टेज प्रोग्रॅमरनं (कंट्रोलरची सेटिंग बदलायच्या यंत्रानं) सेट होतं, मग रेझिस्टर नको. प्रोग्रॅमर हातात आहे तोवर नॉमिनल व्होल्टेजचं सेटिंग पण ४८ ला करून टाका, नाहीतर कमी-जास्त व्होल्टेजचे फॉल्ट उगाच येत राहतील.

फ्यूजवर अँपिअर सगळे वाचतात, व्होल्ट कुणी वाचत नाही. गाडीचे साधे ब्लेड फ्यूज ३२ व्होल्टचे असतात, ते ३६ लाच चुकीचे होते, ४८ ला तर फ्यूज उडाल्यावरही आतमध्ये आर्क चालू राहू शकतो. डीसीचा आर्क एसीसारखा आपोआप विझत नाही. कंट्रोल सर्किटला आणि मेनला दोन्हीकडं ८० व्होल्ट डीसी किंवा वरचं रेटिंग असलेले फ्यूज टाका.

हॉर्न, बीकन, लाइटचं कसं चाललंय ते बघा. कित्येक गाड्यांत कुणीतरी बॅटरीच्या मधल्या सेलवरून १२ किंवा २४ ची टॅप काढलेली असते. ते काढून टाका, कारण त्यामुळं तेवढेच सेल जास्त रिकामे होतात, चार्जर सगळ्यांना सारखंच वाढतो, आणि वर्षभरात बॅटरीचा एक कोपरा कायमचा अशक्त. ४८ इनपुटचा डीसी-डीसी घ्या, आउटपुट १२ किंवा २४ जे असेल ते, आणि सगळी किरकोळ सामग्री त्याच्यावर.

एसी गाडीवाल्यांसाठी

तुमची थ्री फेज एसी मोटरची गाडी असेल तर मोटरच्या प्लेटवर ३०-३३ व्होल्ट असं काहीतरी दिसेल, ते बघून गोंधळू नका, ४८ डीसीतून इन्व्हर्टर जास्तीत जास्त ३४ च्या आसपासच एसी काढू शकतो. या गाड्यांत इन्व्हर्टर, मोटर, डिस्प्ले, स्टीअरिंग युनिट सगळे कॅनवर (गाडीतल्या युनिटांची आपसातली डेटा लाइन) एकमेकांशी बोलतात आणि सगळ्यांना आपण किती व्होल्टच्या गाडीत आहोत ते शिकवलेलं असतं. काही गाड्या कंपनीतूनच दोन व्होल्टेजच्या येतात, अमेरिकेत विकल्या गेलेल्या टोयोटाच्या ७एफबीसीयू आणि ८एफबीसीयू सिरीज ३६ आणि ४८ दोन्हीत होत्या, अशा गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल काढून त्यात जेवढं सांगितलंय तेवढंच करा. तशी नसेल तर माझं मत स्पष्ट आहे, नका करू, जेवढ्या व्होल्टची आहे तेवढ्याच सेलची बॅटरी बनवून घ्या.

आता बॅटरी, आणि तिचं वजन

समजा जुनी ३६ व्होल्ट ७५० अँपिअर अवर होती. ३६ गुणिले ७५० म्हणजे २७ युनिट. ४८ मध्ये तेवढीच एनर्जी हवी तर ५६० च्या आसपास अँपिअर अवर पुरतात. अँपिअर अवर कमी झाले म्हणून मालक नाराज होतात की छोटी बॅटरी दिली, त्यांना हा गुणाकार करून दाखवा.

ट्रेमध्ये बसतंय का ते असं बघा. डिन (जर्मन स्टँडर्ड) मापाचे सेल १९८ मिलिमीटर लांब असतात आणि रुंदी प्लेटच्या संख्येवर, चार पॉझिटिव्ह प्लेटचा ८३, पाचचा १०१, सहाचा ११९. ६ पीझेडएस ७५० चे (सहा पॉझिटिव्ह प्लेट, ७५० अँपिअर अवर) १८ सेल होते, म्हणजे १८ गुणिले ११९, रुंदीची बेरीज २१४२. आता ५ पीझेडएस ६२५ चे २४ घेतले तर २४२४ होतात, बसणार नाहीत. ४ पीझेडएस ५०० चे २४ घेतले तर १९९२, बसतात, पण एनर्जी २४ युनिट, म्हणजे शिफ्टच्या शेवटी थोडी कमी पडेल. ४ पीझेडएस ५६० पण येतो आणि हिशोबानं तो अगदी बरोबर आहे, पण तो प्लेटमागं १४० वाला सेल, उंच असतो, सीटचं झाकण बंद होतंय का ते आधी टेपनं मोजा. नुसती बेरीज बसून पण भागत नाही, ओळी कशा लावायच्या आणि केबल कुठून बाहेर काढायची ते कागदावर काढून मेकरला पाठवा.

आणि वजन. फोर्कलिफ्टमध्ये बॅटरी हे काउंटरवेटच आहे हे विसरून चालत नाही. गाडीच्या प्लेटवर बॅटरीचं किमान आणि कमाल वजन लिहिलेलं असतं, नवीन बॅटरी ट्रेसकट, ॲसिडसकट त्या दोघांच्या मध्ये आली पाहिजे. पुढचं चाक म्हणजे तराजूचा मधला खिळा धरा, माल त्याच्या पुढं साधारण ९० सेंटिमीटरवर, बॅटरी मागं साधारण मीटरभरावर, म्हणजे बॅटरीत दीडशे किलो कमी पडले तर पुढं तोलता येणारा माल पण जवळजवळ तेवढ्याच किलोनं कमी झाला. कमी पडलं तर स्टीलच्या प्लेटा बॅटरीच्या खणातच, खाली, बोल्टनं पक्क्या. काउंटरवेटला मागून लोखंड वेल्डिंग करायचं नाही. बॅटरी खणात अर्ध्या इंचापेक्षा जास्त हलता कामा नये, नाहीतर वळणावर ती सरकते आणि केबल चेपते. अंदाज नको, वजनकाट्यावर नेऊन पावती घ्या.

या निमित्तानं लिथियमवर जायचा विचार बरेच जण करतात, तर थोडक्यात. एलएफपीचे (लिथियम आयर्न फॉस्फेट) १६ सेल म्हणजे ५१.२ व्होल्ट, फुल चार्जला ५८.४, ४८ च्या कंट्रोलरला चालण्यासारखं, तरी त्याची वरची लिमिट बघूनच घ्या. पण वजन लेड ॲसिडच्या निम्म्याहून कमी होऊ शकतं, मग शेकडो किलोचं बॅलास्ट (भरीचं वजन) लागतं. बीएमएसचा (बॅटरीवर नजर ठेवून गरज पडली तर ती तोडणारं सर्किट) करंट ट्रॅक्शन आणि पंप एकदम चालल्यावरच्या पीकपेक्षा जास्त पाहिजे, कमी असला तर माल वर असताना बीएमएस कट मारतो आणि स्टीअरिंगसकट सगळं बंद. आणि फुल चार्ज बॅटरीवर उतारावर रीजन केलं तर बीएमएस चार्जिंग तोडतो आणि तो झटका कंट्रोलरवर जातो, म्हणून कॅननं बोलणारा बीएमएस घ्या किंवा रीजन कमी ठेवा.

कनेक्टर, चार्जर, इंडिकेटर

अँडरसनच्या एसबी कनेक्टरमध्ये ३६ चा करडा, ४८ चा निळा, २४ चा लाल, आणि करडा निळ्यात जात नाही अशी खाच मुद्दाम दिलेली असते. गाडीच्या बाजूचा पण निळा टाका. कानशीनं खाच घासून करडा निळ्यात घुसवलेला मी बघितलाय, असं करणाऱ्याला काय म्हणावं. डिन टाइपचा प्लग असेल तर मधली कोडिंग पिन फिरवून ४८ दिसेल अशी बसवा.

३६ चा चार्जर ४८ च्या बॅटरीला चार्जच करू शकत नाही, त्याचं शेवटचं व्होल्टेज बॅटरीच्या नुसत्या व्होल्टेजपेक्षा कमी. उलटं झालं तर ४८ चा चार्जर ३६ च्या बॅटरीला सेलमागं साडेतीन व्होल्टपर्यंत ढकलायला बघतो, म्हणजे ॲसिडचा कुकर. आठ तासांच्या चार्जरला साधारण १०० अँपिअर अवरमागं १६ अँपिअर, ५०० च्या बॅटरीला ८० अँपिअरचा.

बॅटरी इंडिकेटर विसरू नका. ३६ चा इंडिकेटर ४८ वर नेहमी फुलच दाखवतो, कारण ८० टक्के रिकामी झालेली ४८ ची बॅटरी लोडवर ४२ दाखवते आणि ३६ ची फुल भरलेली ३८. ऑपरेटर बिनधास्त चालवत राहतो, लिफ्ट लॉकआउट (बॅटरी उतरली की लिफ्ट बंद पाडणारी सोय) कधी येतच नाही, आणि नवी बॅटरी वर्षात सल्फेट होऊन बसते.

पहिल्यांदा चालू करताना

ड्राइव्ह व्हील उचलून चेसिसखाली लाकडी ठोकळे द्या, जॅकवर भरवसा नको. पोलॅरिटी मीटरनं दोनदा बघा, उलटी लागली तर कंट्रोलर जातोच. मेन फ्यूज काढून त्याच्या जागी ट्रकचे २४ व्होल्टचे दोन हेडलाइट बल्ब सिरीजमध्ये जोडा. चावी द्या. बल्ब क्षणभर पेटून मंद झाले म्हणजे कपॅसिटर भरले, ठीक आहे, तसेच भगभगत राहिले तर कुठंतरी शॉर्ट आहे, आणि फुकटात कळलं. मग फ्यूज टाका, चाकं अधांतरी असताना पुढं-मागं, मग हॉर्न-लाइट, मग पंप एक-एक सेकंद. बॅटरी प्लस ते चेसिस आणि मायनस ते चेसिस व्होल्टेज बघा, स्थिर भक्कम काही दिसत असेल तर बॅटरीवर सांडलेलं ॲसिड किंवा सोललेली वायर चेसिसला लागलीय, आधी ते साफ करा.

जमिनीवर उतरवल्यावर आधी रिकामी, मग निम्मा माल, मग प्लेटवरचा पूर्ण, आणि सुरुवातीला लिहिलेले आकडे शेजारी ठेवून परत तीच मोजणी. मोटर जुन्यापेक्षा बरीच जास्त तापत असेल तर कंट्रोलरमध्ये अजून खाली या, ७५ काही देवानं दिलेला आकडा नाही.

कागदाचं पण करा. गाडी बनवणाऱ्याला लिहून विचारा, अमेरिकेत तर ओशाच्या (तिथली कामगार सुरक्षा संस्था) १९१०.१७८ नियमात असल्या बदलाला उत्पादकाची लेखी परवानगी लागते, आपल्याकडं लिफ्टिंग मशीन म्हणून कॉम्पिटंट पर्सन (मान्यताप्राप्त तपासनीस) तपासायला येईल तेव्हा तो प्लेट आणि बॅटरी जुळते का बघणारच, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाला सगळ्यात आधी तेच बघेल. नवीन व्होल्टेज, नवीन बॅटरीचं वजन आणि त्यानुसार क्षमता असलेली प्लेट खोदवून बसवा.

पंधरा दिवसांनी सगळे लग (केबलच्या टोकाचे जोड) परत आवळा, तिन्ही मोटरचे ब्रश खोलून बघा, चार-पाच सेलच्या ॲसिडची ग्रॅव्हिटी (घनता) घ्या, फुल चार्जला १.२८० च्या जवळ आणि एकमेकांत फरक नको. गाडीवर, झाकणावर, चार्जिंग रूमच्या भिंतीवर जिथं जिथं ३६ लिहिलंय तिथं रंग मारून ४८ लिहा. आणि तो जुना ३६ चा चार्जर त्या रूममधून उचलून स्टोअरला जमा करा, त्याच दिवशी, कारण रात्रपाळीला येणाऱ्या पोराला यातलं काहीच माहीत नसतं आणि समोर जो चार्जर मोकळा दिसेल तो तो लावणार.